आम्पारोचं निळं दार

आमच्या ग्वानाहुआतो गावात पत्ता विचारला आणि समोरच्यानं "माहीत नाही" म्हटलं, असं कधी होत नाही. विचारायला आलेल्या माणसाला रिकाम्या हाती धाडू नये, ही आमची लहानपणापासूनची शिकवण. खरा पत्ता ठाऊक नसला तर खोटा देतील, पण देतील. त्यानं कुणाचं फारसं बिघडतही नाही. इथल्या बोळी सगळ्या डोंगरावरून घसरत शेवटी चौकातच येतात. चुकलेला माणूस तासाभरानं त्याच बाकावर परत येतो, फक्त घामाघूम होऊन.

दॉन कुको तर या शिकवणीत वाढून वर तिच्यावरच पोट भरत होता. खरं नाव रेफुहियो, पण ते त्याच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यापलीकडे कुणी वापरलं नाही. पर्यटकांना गाव दाखवणं हा त्याचा धंदा. डोक्यावर पेंढ्याची टोपी, गळ्यात नगरपालिकेचा बिल्ला आणि ओठांवर कायम तयार उत्तर. त्याला इतिहास येत नव्हता असं कुणी म्हणू नये. येत होता. पण पर्यटक जे विचारतात ते नेमकं इतिहासात लिहिलेलं नसतं. हे मांजर कुणाचं? या खिडकीला गज का नाहीत? खाणीतून चांदी किती निघाली, असं विचारणारा माणूस दॉन कुकोला उभ्या आयुष्यात भेटला नव्हता.

आम्पारोचा जन्म याच भानगडीतून झाला. आमच्याकडे एक चुंबनाची बोळ आहे. इतकी अरुंद की समोरासमोरच्या गच्च्या एकमेकींना टेकायच्या बाकी. जोडपी तिथे तिसऱ्या पायरीवर उभी राहून चुंबन घेतात आणि त्यासाठी रांग लावतात. एका रविवारी ती रांग काही हलेना. घेणारे घाईत नव्हते. दॉन कुकोनं वेळ काढायला आपली माणसं शेजारच्या गाढवाच्या बोळीत नेली. तिथे बघण्यासारखं काहीच नाही. वाळत घातलेले कपडे, एक नळ आणि एक निळं दार. पुएब्लाहून आलेल्या एका बाईनं त्या दाराकडे बोट केलं आणि विचारलं, "या घरात कोण मेलं?"

कुणी मेलंच पाहिजे असा हट्ट कशाला, हे त्या बाईलाच ठाऊक. दुसरा असता तर "कुणी नाही हो बाई" म्हणून मोकळा झाला असता. दॉन कुकोनं टोपी काढली, छातीशी धरली आणि म्हणाला, "आम्पारो."

नाव बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग गोष्टही आली. आम्पारोचा एका खाणकामगारावर जीव जडला. लग्न ठरलं. तो जाताना म्हणाला, परत आलो की तीनदा दार वाजवीन. गेला तो गेलाच. आम्पारो दाराशी बसून चाळीस वर्षं रडली आणि लग्नाच्या झग्यातच मेली. अजूनही कुणी दार तीनदा वाजवलं तर आतून हुंदका येतो आणि वाजवणाऱ्याचं प्रेम तडीस जातं. पुएब्लाच्या बाईनं डोळे पुसत दार वाजवलं. बक्षिशी अशी मिळाली की दॉन कुको त्या दिवशी अख्खी भाजलेली कोंबडी घेऊन घरी गेला.

गोष्ट चांगली निघाली की ती एकट्याच्या मालकीची राहत नाही. बाकीच्या वाटाड्यांनी ती उचलली आणि प्रत्येकानं आपल्या पदरचा मीठमसाला घातला. एकानं झग्यावर रक्ताचे डाग पाडले, दुसऱ्यानं खिडकीत मेणबत्ती लावली. काळे झगे घालून पाहुण्यांना बोळीबोळीतून गात फिरवणारी कॉलेजची पोरं तिथे थांबून एक रडकं गाणं म्हणू लागली. साखरेच्या पिळाच्या मिठाईवाल्यानं तर आम्पारोच्या आकाराची मिठाई काढली. ती पाहिली तर मुळ्यासारखी दिसे, पण खपली.

सगळं झकास चाललं होतं, एक गोष्ट सोडून. त्या निळ्या दारामागे एक जिवंत बाई राहत होती. दोन्या ब्रीहिदा. आमच्यात पुरुषाला दॉन, तसं बाईला मानानं दोन्या. वयानं सत्तरीची, अंगानं काडी आणि जिभेनं कोयता. दोन्ही मुली लग्न होऊन लेओनला गेलेल्या, घरात ती एकटी. दार तीनदा वाजलं की ती आतून खेकसे, "आता कोण मेलंय?" आणि बाहेरची माणसं किंचाळत उतारावरून पळत सुटत. त्यानं गोष्टीची किंमत आणखीच वाढली.

एका सोमवारी ती बाजाराची टोपली घेऊन थेट चौकात आली. दॉन कुको बाकावर बसून बूट पुसून घेत होता.

"कुको, ऊठ."

"या, या, दोन्या ब्रीहिदा. तब्येत काय म्हणते?"

"तब्येत म्हणते, याला झोडप. माझ्या घरात बाई मारून ठेवली आहेस, ती काढ."

"अहो, मेलेली बाई काढायची कशी?"

"आणलीस कशी? तशीच काढ. मृतांच्या सणाआधी काढ. नाहीतर नगरपालिकेत जाऊन तुझा तो बिल्ला उतरवायला लावते. माझा भाचा आहे तिथे."

भाचा तिथे झाडू मारत होता. पण नगरपालिकेत साहेबांच्या खोलीत रोज जाणारा माणूस एकच असतो, तो झाडूवाला, हे दॉन कुको पुरतं ओळखून होता. गाव दाखवण्यापलीकडे दुसरं काही त्याला येत नव्हतं. बिल्ला होता तोवर तो दॉन कुको. बिल्ला गेला की उन्हात परक्यांशी बडबडणारा एक म्हातारा, आणि तसे चौकात आधीच चार होते.

त्यानं आधी सोपा उपाय केला. खरं सांगितलं. निळ्या दारापुढे उभा राहून म्हणाला, "मंडळी, ही गोष्ट खोटी आहे. मीच रचली." मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. एक गृहस्थ त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "समजलं. तुम्हाला बोलायची बंदी आहे." त्या दिवशी बक्षिशी दुप्पट आली आणि दार पाच जणांनी वाजवलं.

मग त्यानं भूत हलवायचं ठरवलं. पलीकडच्या बोळीतला कुलूपवाला दॉन प्रोस्पेरो आनंदानं तयार झाला. त्याला दारात गिऱ्हाईक हवंच होतं. त्यानं वर लिंबाच्या सरबताचं टेबलही मांडलं. दॉन कुकोनं माणसं तिथे नेली, टोपी काढली, सुरुवात केली. पहिल्याच वाक्याला एक मुलगी म्हणाली, "हे दार हिरवं आहे. आम्पारोचं निळं. आमच्या आत्यानं वाजवलंय आणि तिचं लग्न झालं." सगळी वरात आत्यानं वाजवलेल्या निळ्या दाराकडे निघाली. त्यात दॉन प्रोस्पेरोही होता, बघायला. करायला गेला एक आणि झालं भलतंच.

शेवटी पेरूच्या वड्यांचा पुडा घेऊन दॉन कुको स्वतःच त्या दारी गेला. दार एकदाच वाजवलं, तेही बोटाच्या टोकानं. दोन्या ब्रीहिदानं उघडलं, पुड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि आत घेतलं, ते पुड्याला. तो मागोमाग शिरला. स्वयंपाकघरात टेबलावर घेवड्याचे दाणे निवडायला पसरले होते. तिनं मातीच्या भांड्यातली दालचिनीची कॉफी त्याच्यापुढे ठेवली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

"माफ करा," दॉन कुको म्हणाला. "लोक दार वाजवतात, तुम्हाला त्रास होतो, मला कळतं."

"काही कळत नाही तुला. वाजवू देत. मी ओरडते, ते पळतात. तेवढीच माझी करमणूक."

"मग राग कशाचा?"

"परवा मी खिडकीत उभी होते. तुमच्या वाटाड्यांतला तो बेनिग्नो माणसं घेऊन आला. माझ्याकडे हात करून म्हणाला, ही तिच्या बहिणीची पणती. हिच्याही नशिबी तेच, हिचाही नवरा गेला तो परत आला नाही. त्यातली एक पोरगी, माझ्या नातीएवढी, माझ्याकडे बघून म्हणाली, 'बिचारी.'"

दॉन कुकोनं कप खाली ठेवला. तिचा नवरा आर्नुल्फो उत्तरेला, सीमेपलीकडे, सफरचंदं तोडायला गेला होता. अख्ख्या गावाला ठाऊक होतं. त्या काळात अर्धी वस्तीच गेली होती. कुणी मोटारगाडी घेऊन परतले, कुणी नुसते पैसे पाठवत राहिले, आर्नुल्फोनं दोन पत्रं पाठवली आणि मग त्याची काही खबर आली नाही. गोष्ट रचताना हे दॉन कुकोच्या डोक्यात नव्हतं, आईशपथ नव्हतं. पण गावात इतकी दारं असताना त्याचा शब्द नेमका याच दाराला जाऊन चिकटला होता. त्याला मनापासून लाज वाटली.

"मी रडत बसले होते का रे?" तिनं विचारलं. "तू सांग. बाजारात माझ्या गाड्यावर रोज जेवायचास."

"नाही. तुम्ही एन्चिलादा वाढायच्या. आणि मिरची जास्त झाली म्हटलं की ताट उचलून न्यायच्या."

"मग तुझी ती बया काय म्हणून चाळीस वर्षं रडते? दुसरा उद्योग नव्हता तिला?"

दॉन कुकोनं टोपी गुडघ्यावर ठेवली. इथे माफीनं भागणार नव्हतं, सौदा करावा लागणार होता. "बरं. रडणं कमी करतो. एक वर्ष?"

"एक आठवडा."

"आठवड्यावर कोण विश्वास ठेवील? महिना घ्या."

"घेतला. पुढे?"

"पुढे मरू तरी द्या. मेल्याशिवाय भूत कसं होणार?"

"मरू दे. म्हातारी होऊन, पोटभर जेवून."

"म्हाताऱ्या भुताला कोण विचारतं, दोन्या? निदान लग्नाचा झगा तरी राहू द्या."

"झगा विकला तिनं. त्यातून तवा घेतला आणि खाणीच्या फाटकाशी गाडा लावला. दोन पोरी वाढवल्या."

"लग्नाआधी पोरी?"

"मग लग्न झालेलं दाखव. सगळं मीच सांगू? वर माडी बांधली, तेही सांग. पोटमाळा नाही म्हणायचं, माडी."

"माडी. बरं. पण हुंदका गेला, झगा गेला. लोक तीनदा वाजवणार, त्यांना मिळणार काय?"

तिनं एक खडा वेचला, निरखला आणि खिडकीबाहेर टाकला. "तो परत येतो," ती म्हणाली. "म्हातारा होऊन, टोपी हातात घेऊन. तीनदा वाजवतो. ती आत जेवत असते. तिला ऐकू येतं. आणि ती उठत नाही."

दंतकथा सांगून दॉन कुकोचे केस पिकले होते, पण असला शेवट त्याला कधी सुचला नव्हता. "म्हणजे लोक वाजवणार, आणि दार उघडणार नाही. तीच खूण."

"आणि मी आत निवांत जेवणार. मात्र रविवारी मी स्वतः ऐकायला येईन. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर बिल्ला गेला म्हणून समज."

रविवारी दॉन कुकोला सकाळी घास उतरला नाही. माणसं बरी मिळाली होती. तोलुकाचं एक कुटुंब, तीन छत्रीवाल्या बाया आणि एक नवं जोडपं, एकमेकांची बोटं न सोडणारं. दोन्या ब्रीहिदा नळापाशी उभी होती, ठेवणीतली शाल पांघरून, हातावर टोपली, जणू बाजारातून येता येता थांबली आहे. दॉन कुकोनं टोपी काढली. आम्पारो महिनाभर रडली, मग तिला भूक लागली, असं तो म्हणाला तेव्हा छत्रीवाल्या हसल्या. झगा विकून तवा आला तेव्हा तोलुकाच्या बाईनं नवऱ्याकडे असं काही पाहिलं की तो दुसरीकडे बघू लागला. पोरी वाढल्या, माडी चढली. आणि मग एका दुपारी म्हातारा झालेला तो बोळ चढून आला.

"वाजवा," दॉन कुको नवऱ्या मुलाला म्हणाला.

त्यानं तीनदा वाजवलं. सगळे कान देऊन उभे राहिले. दार जागचं हललं नाही. कुणीतरी सुखानं शहारलं, छत्रीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. दॉन कुकोनं चोरून नळाकडे पाहिलं. दोन्या ब्रीहिदानं मान हलवली. चालेल, असं. बिल्ला वाचला, आणि त्याच्या पोटात एकदम भूक पेटली.

तेवढ्यात नवी नवरी म्हणाली, "पण तिला उघडावंसं वाटलंच नाही? एकदाही?"

दॉन कुकोनं तोंड उघडलं. पण उत्तर नळाकडून आलं.

"वाटलं ना."

सगळे वळले. दोन्या ब्रीहिदानं टोपली या हातावरून त्या हातावर घेतली. "खूप वर्षं वाटलं. भांडी घासताना कुणी दार वाजवलं की ती हात न पुसताच धावायची. तो आला असता तर उघडलं असतं तिनं. आधी शिव्या घातल्या असत्या, मग ताट वाढलं असतं. हा कुको सांगतो ते वाजवणंबिजवणं खोटं आहे. तो आलाच नाही."

नवरीनं आपल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला. दोन्या ब्रीहिदा त्यांच्यामधून वाट काढत निळ्या दारापाशी गेली, किल्ली लावली आणि उंबरठ्यावर थांबून दॉन कुकोकडे वळली.

"गोष्ट मात्र तशीच ठेव," ती म्हणाली. "रोज येऊ दे मेल्याला."