मौजू या शब्दाचा मी लावलेला अर्थ

मी हैदराबादला शिकायला निघालो, तेव्हा जिंतूरच्या मशिदीपासून परभणीच्या रस्त्यापर्यंत माणसं छकड्यामागून चालत आली. अब्बा मशिदीचे पेशइमाम, आणि त्यांचा मुलगा आलिम, म्हणजे धर्मपंडित, व्हायला चाललेला. दाऊदचाचा पिंजारी तेवढे घोळक्यात नव्हते. ते वेशीजवळ एकटे उभे होते, दाढीत कापूस अडकलेला. छकडा थांबवून म्हणाले, "जा बाबा, लय शीक. अन् तितल्या मोठ्या किताबांत माझ्या खोकल्याला काही माफी हाय का, तेवढं बघ."

ते एकटे का होते, हे मला ठाऊक होतं.

जन्मभर कापूस पिंजून त्यांची छाती भरली होती. जमातीच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून पढायच्या, नमाजात सगळे रांगेत स्तब्ध उभे असताना ते खोकत राहायचे. "चाचा आले की इमामसाहेब ऐकू येत न्हाईत, भाताच ऐकू येतो," असं कुणी म्हटलं की स्वतः चाचाही हसायचे. मी उर्दू शाळेतून नुकताच पास झालो होतो. अब्बांच्या फडताळात हदिशींची एक जुनी किताब सापडली. पैगंबरांची म्हणून सांगितली जाणारी वचनं, आणि प्रत्येकाखाली बारीक अक्षरात एक शेरा. जमातीत खोकणाऱ्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज वाया जाते, असं एक वचन त्यात होतं. खाली शेरा: मौजू. शाळेत निबंधाच्या विषयाला आम्ही मौजू म्हणायचो. मला वाटलं, अगदी याच विषयावरची हदीस मिळाली. जुम्याला, शुक्रवारच्या नमाजला, उभा राहून वाचून दाखवली.

अब्बांनी विचारलं, "सनद काय? कुणी कुणाकडून ऐकली?"

"छापलेलं आहे," मी म्हणालो. छापलेलं म्हटल्यावर अब्बांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून दाऊदचाचा मशिदीची पायरी चढले नाहीत. "खोकला माझा, दुसऱ्याची नमाज कशाला नासवू," म्हणत घरीच पढू लागले.

मदरशात तिसऱ्या महिन्यात उस्तादांनी हदिशींचे दर्जे शिकवायला घेतले. सही, हसन, जईफ आणि सगळ्यात शेवटी मौजू. "मौजू यानी गढी हुई." बनावट. कुणीतरी रचून पैगंबरांच्या नावावर खपवलेली. मी विचारलं, "विषयाला धरून असलेली, असं नव्हे?" वर्ग हसला. "जिंतूरवाले मौलाना, यहाँ निबंध लिखने आए क्या?" त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. तास संपल्यावर उस्तादांना गाठलं. ते म्हणाले, आजारी माणसाला न आवरणारा खोकला नमाज तोडत नाही.

चाचांची माफी माझ्या हातात होती.

पत्र लिहायला बसलो. अब्बा ते मशिदीत वाचून दाखवणार, हे डोळ्यांसमोर आलं, आणि मी इथल्या खट्ट्या दालीबद्दल लिहिलं. पुढच्या पत्रात चारमिनारबद्दल. अशी दोन वर्षं गेली. मग अब्बांचंच पत्र आलं: दाऊदचाचा गेले. शेवटपर्यंत विचारत होते, पोराच्या किताबांत काही निघालं का.

पुढे पोलीस ॲक्शन झाली, अब्बा-अम्मी माझ्याकडे आले. आता गावी जायला कारणच उरलं नाही, असं मी लोकांना सांगत राहिलो. अब्बांनाही खरं सांगितलं नाही.

मागच्या महिन्यात जिंतूरचा एक तरुण भेटायला आला. कौतुकानं म्हणाला, "तुमची हदीस आमी अजून सांगतो, दादा. परवाच एका दमेकऱ्याला बाहेर बसवलं." कुणाकडून ऐकली, मी विचारलं. त्यानं नावं घेतली: त्याचे वडील, वडिलांचे वडील, आणि त्यांना सांगणारा मी. त्या खोट्याला सनद फुटली होती, आणि तिची पहिली कडी माझं नाव होतं.

जिंतूरच्या मशिदीतल्या मंडळींनो, तुम्ही मराठी शाळेत शिकलात, म्हणून मराठीत लिहितो आहे. इथे मी काही बोललो तर नातूसुद्धा फोनवर तपासून बघतो. माझा शब्द न तपासता धरून ठेवणारं जगात एकच ठिकाण उरलं आहे, तेच माझं घर, आणि त्याचीच मला आता भीती वाटते. जुम्याला हे सगळ्यांसमोर वाचा. मग त्या दमेकरी माणसाच्या दारी जा आणि त्याला घेऊन या. चूक कुणाची, असं त्यानं विचारलं तर माझं नाव सांगा.