डागी फरशी

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. हा माणूस उंच, बारीक आणि बोलायला तितकाच सरळ, म्हणून नाव चिकटलं. तीस वर्षं त्याने फरश्या बसवल्या. गुडघे गेले, पण माणसांची पारख पक्की झाली. ती तो चपला-बुटांवरून करी, कारण बहुतेकांचा तेवढाच भाग त्याला जवळून दिसे.

चुनखडीची फरशी घासली की तिच्यात शंख-शिंपल्यांचे आकार निघतात. लोक त्यांना डाग म्हणत. ओळंबाही म्हणायचा. मग एकदा मुलीने आपलं नववीचं पुस्तक उघडून त्याला समोर बसवलं.

"बाबा, हे डाग नाहीत. समुद्रात प्राणी मरतो, गाळाखाली गाडला जातो. मऊ भाग कुजतो, शंख उरतो. गाळावर गाळ चढतो आणि त्याचा दगड होतो. पाण्यातले क्षार झिरपत झिरपत शंखाचाही दगड करतात."

"आणि मी त्याच्यावर मशीन फिरवतो?"

"बरीच वर्षं."

तेव्हापासून प्रत्येक फरशी तो आधी ओल्या फडक्याने पुसून पाही. काम रेंगाळे. "लोकांच्या फरशीला नाक लावून बसता," बायको म्हणे, "आणि घरच्या मोरीचा दगड चार वर्षं डुगडुगतोय."

शेवटचं मोठं काम मिळालं ते एका कॉलेजच्या भूविज्ञान विभागाचं. त्यांचं नवं संग्रहालय होत होतं. तिथल्या एका फरशीत वीतभर शंखाची गुंडाळी निघाली. एका जागी ती तुटली होती, मग जरा वेडीवाकडी होऊन पुन्हा नीट पुढे गेली होती. दोन दिवस ओळंबा विचार करत राहिला. मेलेला प्राणी काही शंख सांधत नाही. म्हणजे कुणीतरी चावा घेतला होता, आणि हा निसटला होता. ती फरशी त्याने दालनाच्या मधोमध बसवली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख पाहणीला आले. आयुष्यभर दगड शिकवूनही त्यांच्या बुटांवर एक ओरखडा नव्हता.

"हा डाग कसला?"

"साहेब, शंख आहे. जुना."

"शंख मला शिकवू नका, माझा विषय आहे तो. डागी फरशी आहे. काढा. उद्या पाहुणे येतायत."

"एकदा वाकून बघा ना. इथे चावलंय कुणीतरी. तरी जगलाय, वाढलाय."

साहेब वाकले नाहीत. माणूस वाईट नव्हता. जीवाश्मांवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, फक्त ते कपाटात हवेत, चिठ्ठी लावलेले हवेत आणि दुसऱ्या कुणीतरी आधीच ओळखलेले हवेत.

बसवलेली फरशी निघते ती तुकड्यांनीच. ओळंब्याने छिन्नी उचलली, खाली ठेवली. मग म्हणाला, "काढतो. पण नवी बसवली की तीन दिवस तिच्यावर पाय ठेवता येणार नाही."

खरं तर एक दिवस पुरला असता. त्याच्या आयुष्यातली ही पहिली थाप, आणि ती तज्ज्ञांना पटली.

साहेबांचे आणि बरोबरच्या मंडळींचे चेहरे उतरले. शेवटी शिपायालाच सुचलं, "साहेब, ते काचेचं कपाट इकडे सरकवू की."

उंच पायांचं कपाट डागावर आलं. त्यात तसल्याच शंखाची प्लास्टरची प्रतिकृती होती, पांढरीशुभ्र, कुठेही न मोडलेली. 'हात लावू नये' अशी पाटीही होती. साहेबांनी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. "आता कसं," ते म्हणाले.

संग्रहालय लोकांना खुलं झालं तेव्हा ओळंबा बायकोला घेऊन गेला. ती कपाटापुढे उकिडवी बसली, मग पदर खोचून सरळ पालथी झाली आणि डोकं कपाटाखाली घातलं. रखवालदार धावत आला.

"मावशी, उठा! बघायचं ते वर काचेत आहे!"

"वरचं बघितलं. त्याला काही झालेलंच नाही," ती आतूनच म्हणाली. "अहो, चावल्यावर किती जगला हा?"

"वर्षं काही सांगता येत नाहीत. पण मोडलेल्या जागेपुढे वाढीच्या अकरा रेघा आहेत."

तिने बोट फिरवत रेघा मोजल्या.

"बारा आहेत," ती म्हणाली. "चष्मा बदला."