कॅमेऱ्याच्या डोळ्यात कुंकू

वैशाखरे गावाच्या अलीकडे मी बिबट्या पाहिला तेव्हा तो एसटीच्या थांब्यावर बसला होता. बाकावर. शेपूट खाली सोडून, पायावर पाय टाकून, मुरबाडकडे तोंड करून, गाडीची वाट बघत असल्यासारखा. मी पिकअपचा वेग कमी केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, ही आपली गाडी नव्हे हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं जांभई दिली. हे जसंच्या तसं घडलं. फार तर पायावर पाय टाकल्याचं सोडून द्या.

किन्हवलीच्या नाक्यावर हे सांगितलं तर चहावाला गाळणी आपटत म्हणाला, "पास व्हता का त्याच्याकडं?" माझा दोस्त वायरमन आहे, सगळ्या गावाच्या तारा जोडतो, त्यानं तरी माझ्या बाजूनं बोलावं. तो म्हणाला, "कुत्रा असंल रे. तू लांबून बघितलास." घरी बायकोला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुमी मागं अजगर बघितलेला, तो पाण्याचा पाइप निघाला." तो पाइप हलत होता, हे कोणी विचारात घेत नाही.

तेव्हा मी डॅशकॅम घ्यायचं ठरवलं. लोक अपघाताच्या भीतीनं घेतात, कोणी उगाच अंगावर आलं तर पुरावा असावा म्हणून घेतात. मी घेतला तो बिबट्यासाठी. पुढच्या वेळी तो थांब्यावर बसला की नाक्यावरच्या प्रत्येकाच्या नाकासमोर मोबाइल धरायचा, असा माझा साधा बेत होता.

शहापूरच्या दुकानदारानं काचेवर कॅमेऱ्यांची रांग लावली. म्हणाला, "पुढचा आणि मागचा, जोडी घ्या." मी म्हटलं, "मागं काय बघायचंय? मागं भाजीच्या जाळ्या असतात. त्या काय पळून जाणारेत?" हे वाक्य लक्षात ठेवा. मग त्यानं गाडी कुठून कुठे गेली ते नकाशावर दाखवणारा दाखवला. मी म्हटलं, "रस्ता मला पाठ आहे, यंत्राला कशाला शिकवू?" मग कार्डाचा विषय निघाला. मोठं घ्या म्हणाला. मी सगळ्यात लहान उचललं. "ते भरलं की जुनं पुसून त्यावर नवं घेत जातं," त्यानं बजावलं. मी म्हटलं, "चांगलं आहे की, पाटीसारखं." "काही महत्त्वाचं दिसलं तर हे बटण दाबा. तेवढा तुकडा पुसला जात नाही. आणि यात माइक आहे, गाडीतलं बोलणं पण येतं. नको असेल तर बंद करून देतो." मी म्हटलं, "राहू द्या. डरकाळी यायला पाहिजे."

आरशामागं कॅमेरा चिकटवून मी घरी आलो. आता आमच्याकडे घरात नवीन काहीही आलं, मिक्सर असो की मोटरपंप, त्याला हळदकुंकू लावल्याशिवाय चालू करायची पद्धत नाही. बायकोनं ताट आणलं. मी चाकाजवळ नारळ फोडत होतो, तेवढ्यात ती केबिनमध्ये चढली आणि कॅमेऱ्याला ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावून, अक्षता टाकून, झेंडूची माळ घालून उतरली. पुढे या बोटाबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "एवढ्याशा यंत्राला कपाळ कुठं नि डोळा कुठं, मला काय ठावं? गोल दिसलं तिथं लावलं." कॅमेऱ्याचा पडदा जरा वेळानं आपोआप बंद व्हायचा. बारीक लाल दिवा तेवढा लुकलुकायचा. दिवा लागला म्हणजे काम चालू, असं समजून मी निर्धास्त झालो.

आणि त्याच आठवड्यात म्हसा गावची, बैलबाजाराची जत्रा आली.

इथं माझ्या सासऱ्यांचं सांगायला हवं. त्यांना मी मामा म्हणतो. किन्हवलीजवळच्या त्यांच्या पाड्यावर सगळ्यांची शेतं ट्रॅक्टरनं होतात. मामांची मात्र बैलांनी. त्यांच्या जोडीतला एक बैल म्हातारा होऊन गेला, आणि उरलेला असा गप्प झाला की गोठ्यात रिकाम्या दावणीकडे तोंड करून उभा राहायचा. वैरण पुढ्यात तशीच. मामा त्याच्याशी बोलायचे, गूळ द्यायचे. तो ऐकून घ्यायचा आणि परत तिकडेच बघायचा. गेल्या जत्रेत मामा सगळा बाजार पालथा घालून हात हलवत परतले होते. उंची जुळली तर शिंगं जुळत नव्हती, शिंगं जुळली तर स्वभाव. यंदा म्हणाले, "जोडी जमली तर जमली. नाय तर हा बी नाय राहायचा." हे त्यांनी कुणाकडे न बघता सांगितलं. एरवी मामा असं बोलत नाहीत.

म्हशाला यंदा जमली. पांढरा, किंचित राखाडी झाक, शिंगं अशी की कोणी कंपासनं काढावीत. माझ्या मते त्या बैलाला बघायला बाकीचे बैल मान वळवत होते. मामांनी त्याच्या गळ्यात घुंगरांची नवी माळ बांधली आणि चेहरा जमेल तेवढा साधा ठेवला.

जत्रेत बैल गाडीत चढवायला फळीबिळी नसते. पिकअप उलटी नेऊन बांधाला टेकवायची, मागचा फाळका बांधावर पाडायचा, बैल सरळ चालत हौद्यात. हा बैल शहाणा, एका दमात चढला. केबिनमागच्या दांड्याला मामांनी स्वतःच्या हातानं कासरा बांधला. "माझी गाठ हाय. सोडवायची तर मलाच बलवावं लागंल." माझ्यासोबत आलेल्या वायरमन दोस्ताला मी म्हटलं, "फाळक्याची कडी लाव." त्याच्या एका हातात नवी घोंगडी, दुसऱ्यात जिलबी. तो म्हणाला, "लावली." फाळक्याला दोन बाजूंना दोन कड्या असतात. त्यानं लावली होती ती एकच, हे मला फार उशिरा कळलं. मामा शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर पुढं निघाले, बैलाच्या स्वागताची तयारी करायला.

तयारी जंगी होती. आम्ही पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. अर्धा पाडा दारात. सासूबाईंच्या हातात आरतीचं ताट, बायकोच्या हातात पाय धुवायला तांब्या, भजनी मंडळातले दोघं उगाच टाळ घेऊन. जुना बैलसुद्धा गोठ्याच्या दारात आणून उभा केलेला. मी ऐटीत हॉर्न दिला, गाडी वळवून पाठ अंगणाकडे केली आणि उतरलो.

सासूबाईंनी ताट ओवाळायला सुरुवात केली होती. ते अर्ध्या फेऱ्यावर थांबलं.

फाळका एका कडीवर लोंबत होता. हौद्यात पेंढा होता, शेण होतं, दोस्ताची घोंगडी होती. बैल नव्हता.

फाळका वाटेत धडधडला असणारच. पण माझ्या पिकअपमध्ये न धडधडणारा भाग शोधावा लागतो, आणि मागच्या काचेतून धुळीशिवाय काही दिसत नाही.

मामा हौद्याशी आले. आत बघितलं. हात घालून पेंढा चाचपला, जणू बैल खाली लपला असेल. मग नुसते म्हणाले, "कुठं उतरला?"

मला माहीत नव्हतं. म्हशापासून इथपर्यंत केवढा रस्ता, किती फाटे, किती रानं. दोस्त चावीकडे धावला, "चल, मागं फिरव."

"चावीला हात लावू नको," मी ओरडलो. कार्ड सगळ्यात लहान. चावी फिरवली की कॅमेरा चालू, कॅमेरा चालू की जुनं पुसायला लागणार, आणि बैल त्या जुन्यातच होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे साक्षीदार होता.

दोस्तानं कार्ड काढून आपल्या मोबाइलला जोडलं. सगळे वाकले. पडद्यावर लाल. नुसतं लाल. मधोमध अक्षतेचा एक दाणा. म्हशाचा बाजार लाल, मुरबाडचा नाका लाल, समोरून येणारा ट्रक म्हणजे जरा गडद लाल. सगळ्या पाड्यानं माझ्या बायकोकडे बघितलं. ती तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिली.

"आवाज येतोय पण," दोस्त म्हणाला. "घुंगरू वाजतोय. लई बारीक."

मामांचा कान कमी. ते म्हणाले, "मोठं कर." मोबाइलचं मोठं मामांच्या कानात शिरेना. तेव्हा भजनी मंडळाचा स्पीकर आणला गेला, किराणा मालाच्या पोत्याएवढा. आणि मला गाडीत बोललेलं एकेक आठवायला लागलं. मी म्हटलं, थोडं पुढून लावूया. मामा म्हणाले, "नाय. पहिल्यापासून."

स्पीकरमधून माझा आवाज अख्ख्या पाड्यावर पसरला. "मामा बैलाचे दात बघत होते ना, तेव्हा बैल पण मामांचे बघत होता. बैलाचे जास्त भरले." मागं घुंगरू: छुन, छुन.

कोणी हसलं नाही. म्हणजे हसले, पण तोंडाला पदर लावून.

"सासूबाईंची भाकरी बघितलीस? पंक्चर झालं तर चाकाला लावून शहापूर गाठता येईल." छुन, छुन.

सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "रातच्याला भाकर नको ना मग तुमाला?"

मग दोस्ताचा आवाज: "कासरा घट हाय ना रे?" आणि माझा: "मामांची गाठ आहे. माझ्या लग्नाची गाठ पण त्यांनीच मारलेली. एवढी वर्षं ओढतोय, सुटली का?" छुन, छुन.

बायकोनं तांब्या खाली ठेवला नाही, हातातच तोलत राहिली. मी तिच्यापासून सरकून मामांच्या पलीकडे गेलो. मामांचा चेहरा हलत नव्हता. ते डोळे मिटून फक्त घुंगरू ऐकत होते.

मग बिबट्याची गोष्ट सुरू झाली. या वेळी बाकावर दोन बिबटे होते. मी स्वतःही ऐकत राहिलो, चांगली रंगली होती. तेवढ्यात लागोपाठ दोन हॉर्न वाजले.

"खिंड," मामा डोळे न उघडता म्हणाले.

बरोबर. खिंडीतल्या देवाला हॉर्न दिल्याशिवाय आमच्याकडचा कोणताही ड्रायव्हर पुढे जात नाही, आणि सबंध वाटेत तसा देव तेवढाच. हॉर्ननंतर एसटीचा घरघराट आला. खिंड अरुंद, दोन गाड्या मावत नाहीत. मी पिकअप मागं घेतली. माझा रिव्हर्स हॉर्न लग्नातल्या सनईसारखा वाजतो, तो वाजला. मग एक थड् असा आवाज. मग घुंगरू जोरात, छुनछुनछुनछुन, मग अगदी आरामात चालत गेल्यासारखं लांब गेलं आणि थांबलं. त्यावर माझा आवाज: "आणि तो दुसरा बिबट्या मला म्हणतो कसा..."

पुढे घुंगरू नाही. नुसता मीच.

मामांनी डोळे उघडले. "बांधाला टेकवलीस गाडी."

टेकवली होती. फाळका एका अंगानं बांधावर पडला, बैलानं ओढल्यावर न सुटणारी गाठ सुटली. चढला होता बांधावरून, परत बांध आला, त्याला वाटलं गाव आलं. शहाण्यासारखा उतरून गेला.

दोस्तानं तेवढा तुकडा माझ्या मोबाइलमध्ये उतरवून दिला आणि मी चावी फिरवली. हौद्यात मामा, सासूबाई, टाळवाले, स्पीकरवाले, सगळे चढले. पिकअपची पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती. बायको केबिनमध्ये माझ्याशेजारी. ती पदराच्या टोकानं कॅमेऱ्याचा डोळा पुसत म्हणाली, "बोला की. आता कसे गप?"

खिंडीतल्या बांधाच्या खालीच एक घर, घरापुढे पेंढ्याची उडवी, आणि उडवीला तोंड लावून आमचा बैल. दारातल्या म्हातारीनं त्याला आंब्याला बांधला होता, पाणी दाखवलं होतं आणि कपाळावर कुंकू लावलं होतं. तिचं कुंकू बरोबर कपाळावर होतं.

"वरून उतरला तो सरळ दारात," ती म्हणाली. "म्हटलं कुणाचा तरी पावना. मी हाका मारल्या गो गाडीला. पन आत कोन येक ह्या मोठ्या आवाजात वाघाचं का कशाचं सांगत व्हता, त्याला कुठं ऐकू जातंय."

मग मात्र सगळे हसले. पहिले हसले मामा. मी मामांना एवढं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आंब्यावरचे कावळे उठले असं मी सांगतो, आणि पंचवीस-तीस नक्की उठले. म्हातारीला चहाचं आधण ठेवावं लागलं, ते जत्रेच्या मानानं ठेवावं लागलं. सासूबाईंनी निघताना तिच्या ओटीत तांदूळ घातले आणि हौद्यात चढता चढता मला म्हणाल्या, "भाकर चाकाला लावू का ताटात वाढू, ते सांगून ठेवा."

दिवस मावळायच्या बेतात बैल अंगणात उतरला. या वेळी दोन्ही कड्या मी लावल्या होत्या आणि मामांनी हौद्यात उभं राहून कासरा हातातच धरला होता. जुन्या बैलानं नव्याची मान हुंगली, घुंगरांवर एक फुंकर टाकली, आणि वळून आपल्या पुढ्यातल्या वैरणीला तोंड घातलं. मामा गोठ्याच्या दारात कितीतरी वेळ उभे होते. आत दोन तोंडांचा चावण्याचा आवाज येत होता.

आता किन्हवलीच्या नाक्यावर ही गोष्ट मामा सांगतात. त्यात बैलानं फाळक्याची कडी स्वतः जिभेनं काढली आहे. गाठ सुटलेली नाही, बैलानं दांडाच वाकवला आहे. खिंडीतल्या देवाला वाकून नमस्कार करून मगच तो खाली उतरला आहे. चहावाला गाळणी हातात धरून ऐकतो, चहा उतू जातो. सांगून झालं की मामा माझ्याकडे वळतात, "काय जावई? खरं का नाय?"

खरं काय ते स्वच्छ आवाजात माझ्या खिशात आहे. मी बशीत चहा ओततो आणि म्हणतो, "मामा, बैल जांभई देऊन गेला ते राहिलं."