धाकटीला दाखवलेल्या पेशी

धाकटी बहीण सहावीत असताना पाण्याचे तांब्येच्या तांब्ये रिकामे करू लागली. मी तेव्हा बारावी सायन्सला होते. काल्हेरच्या आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, उन्हाळा आहे. मग तिचा फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला आणि एका सकाळी ती हाका मारूनही धड जागी होईना. भिवंडीच्या डॉक्टरांनी साखर तपासली आणि लगेच ठाण्याला पाठवलं. ती परतली ती इन्सुलिन घेऊनच. टोचायला नर्सने मला शिकवलं, कारण आई सुई हातात घ्यायला तयार नव्हती.

तिच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मेल्या होत्या. पुढे मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत त्याच पेशींवर काम करू लागले. कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून बीटा पेशी घडवायच्या. गर्भात स्वादुपिंड ज्या क्रमाने तयार होतं, त्याच क्रमाने. इन्सुलिन तयार व्हायचं, पण साखर असो नसो, पेशी ते सोडतच राहायच्या. कच्च्याच होत्या अजून.

एका शनिवारी धाकटी प्रयोगशाळा बघायला आली. ती आता गोदामात डिस्पॅचचं काम बघते. उंदराच्या स्वादुपिंडातल्या पेशींच्या दोन बश्या मी तिला मायक्रोस्कोपखाली दाखवल्या.

"हे लाल गोळे कसले?"

"पेशींचे पुंजके. बेटं म्हणतात त्यांना. रंग आम्ही दिलाय."

"आणि ह्या सुट्ट्या?"

"त्याच पेशी, वेगळ्या केलेल्या. एकट्या असल्या की साखर दिली तरी नीट काम करत नाहीत. चिकटून असल्या की एकीचा इशारा दुसरीला पोचतो, मग सगळ्या मिळून इन्सुलिन सोडतात."

तिने दोन्ही बश्या पुन्हा आळीपाळीने पाहिल्या. मग म्हणाली, "माझ्यातल्या कुणी मारल्या?"

"तुझ्याच शरीरातल्या, रोगाशी लढणाऱ्या पेशींनी. चुकून."

"गोडामुळे नाही?"

"गोडाचा काहीच संबंध नाही गं."

"मग हे आईला सांग. आजच."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं: आजारपणाआधी आम्ही वज्रेश्वरीला गेलो होतो, आईने तिला हवे तेवढे पेढे खाऊ दिले होते. आई तेव्हापासून गोड खात नाही. मला वाटायचं, आवडत नसेल.

संध्याकाळी घरी आई दारापुढच्या ओट्यावर मासे साफ करत होती. मी शेजारी बसून सगळं सांगितलं.

"पेढ्यांनी न्हाय झालं?"

"नाही आई."

"डॉक्टर बोलले का तू बोलतेस?"

"डॉक्टरही हेच सांगतील. आणि मी रोज ह्याच पेशी बघते."

तिचे हात थांबले. "मंग येवढी वर्षं सांगितलंस का न्हाय?"

तिने हात धुतले आणि आत जाऊन ती पदर तोंडाला लावून रडली. धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली. मी राहिलेले मासे साफ केले.

पुढच्या हिवाळ्यात मी घडवलेल्या पेशी पुंजक्यात आणखी काही आठवडे वाढल्या आणि पहिल्यांदाच नीट वागल्या. साखर कमी असताना गप्प. वाढवली की इन्सुलिन. मी धाकटीला गोदामात फोन करून हे सांगितलं.

"मला कधी मिळतील?"

"माहीत नाही. आणि तुझं शरीर ह्यांनाही मारायला येईल, ते अजून सुटलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली, "जेवायची सुट्टी झालीय. इन्सुलिन घेते, डबा खाते, मग सगळं सविस्तर सांग."