आवाज नसलेले सिनेमे

पप्पांचे कान कंपनीत गेले. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये, दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या मध्ये, त्यांनी एकवीस वर्षं काढली. इअरप्लग मिळायचे, पण ते घातले की सुपरवायझरची हाक ऐकू येत नाही म्हणून कुणी घालायचं नाही. पन्नाशी ओलांडली तशी आम्ही घरात ओरडून बोलायला लागलो. पुढे ओरडूनही भागेना. कानाचं मशीन आणलं, पण त्याची खरखर त्यांना सोसेना. ते कपाटात पडून राहिलं.

पूर्वी त्यांना भारदस्त आवाजाचे नट आवडायचे. सुट्टीच्या दिवशी संत तुकाराम नगरच्या आमच्या दोन खोल्यांत ते खलनायकाचे संवाद म्हणून दाखवायचे आणि आई कणीक मळता मळता हसायची. कान गेले तरी टीव्ही सुटला नाही. उलट ते जास्तच निरखून बघू लागले. रविवारी मी मारुंजीहून माहेरी गेले की त्यांचं सुरू व्हायचं.

"हा बघ, नुसत्या मानेच्या शिरा ताणतोय. आवाज काढून घेतला तर याच्याकडे काही उरत नाही. उगाच याच्यावर जीव टाकला इतकी वर्षं."

एक नट नाटकातून आलेला होता. "शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी हात हलवतोय. कॅमेरा नाकासमोर आहे, हे विसरतो." एक देखणा हिरो प्रत्येक सिनेमात तोच असायचा, फक्त शर्ट बदलायचा, त्याच्यावर मात्र त्यांचा राग नव्हता. त्यांना आता आवडायची ती कायम आईच्या भूमिका करणारी एक वयस्कर नटी. "ती ऐकते बघ. समोरचा बोलताना तिच्या चेहऱ्यावर सगळं येतं. बाकीचे आपली पाळी कधी येते याची वाट बघत उभे असतात."

त्या उन्हाळ्यात आईचं जेवण कमी झालं. विचारलं की म्हणायची, "ॲसिडिटी आहे गं, उन्हाचं होतं." आवाज इतका नेहमीचा, की मी विश्वास ठेवला. गौरी जेवणाच्या दिवशी ओट्यापाशी ती एकदम खाली बसली. तपासण्या झाल्या, पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, आता फार काही करता येणार नाही. दिवाळीआधी ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दुपारी आम्ही दोघंच होतो. पप्पा बोलायला लागले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं.

"मला दिसत होतं. मे महिन्यापासून. तोंडानं हसायची, पण डोळे हसायचे नाहीत. उठताना आधी ओटा धरायची, मग माझ्याकडे बघायची, मी बघतोय का ते."

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "पप्पा, मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझे ओठ वाचले.

"एवढ्या कष्टानं लपवत होती गं ती. मला कळलंय हे तिला कळलं असतं तर खचली असती. म्हणून मीपण न दिसल्यासारखं केलं."

मला त्यांचा भयंकर राग आला. जे तोंडावर आलं होतं ते त्यांनी वाचू नये म्हणून मी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत रडायला लागले. थोड्या वेळानं त्यांचा हात खांद्यावर आला.

"इकडं बघून रड," ते म्हणाले.