बिनतेलाची फोडणी

"मॅडम, तुमच्या सॅम्पलमध्ये तेल आहे."

"नाही," मी म्हणाले.

"आहे. लेबलवर तुम्ही जो आकडा टाकणार आहात, त्याच्या चौपट फॅट आलंय."

"आम्ही तेल घातलंच नाही, तर येईल कुठून?"

"ते तुम्ही शोधा. मशीनचं काय तुमच्याशी वैर नाही, मॅडम. दोनदा लावलं," असं म्हणून लॅबमधल्या मुलीने फोन ठेवला.

मी चिकलठाण्याच्या एका छोट्या कारखान्यात क्वालिटी बघते. लोणची, चटण्या, मसाले असा आमचा माल. गेल्या वर्षी मी मालकांच्या, म्हणजे दराडे साहेबांच्या मागे लागून एक नवी लाइन सुरू करायला लावली. सॅलडवर घालायचं लो-कॅलरी ड्रेसिंग. साहेबांना ते पटलेलं नव्हतं. "काकडीवर मीठ टाकून खातात लोक, मॅडम. बाटली कोण विकत घेणार?" असं त्यांचं म्हणणं. पण कैरीचा हंगाम संपला की लोणच्यावरच्या सहा बाया घरी बसतात आणि पुढच्या हंगामात त्यातल्या निम्म्या दुसरीकडे गेलेल्या असतात. शिकवलेली माणसं दरवर्षी घालवणं मला परवडत नाही. ड्रेसिंग चाललं, तर त्या सहाही जणींना वर्षभर काम होतं.

ड्रेसिंगचं गणित सोपं आहे. बाजारातल्या साध्या ड्रेसिंगमध्ये निम्म्याच्या आसपास तेल असतं. त्याच्यामुळेच ते पानाला चिकटतं, जिभेवर रेंगाळतं आणि लागतं छान. लो-कॅलरी करायचं म्हणजे तेल काढायचं आणि त्याच्या जागी दुसरं काही आणायचं. आम्ही साय काढलेल्या दुधाचं दही, लिंबू, पुदिना आणि चिमूटभर गम वापरला. गम म्हणजे दाटपणा आणणारी पावडर. भेंडीचा बुळबुळीतपणा आठवा, काम तेच.

दिसायला झकास झालं. चवीला मात्र बेतास बात.

आमची पहिली गिऱ्हाईक फरहत मॅडम. त्या चिकलठाणा आणि वाळूजच्या ऑफिसांना सॅलडचे डबे पुरवतात. मला त्या बाजी म्हणतात, म्हणजे ताई. पहिलं सॅम्पल त्यांनी बोटाने चाटलं आणि म्हणाल्या, "बाजी, ये तो बुखारवालों का खाना है." दुसऱ्या सॅम्पलला नुसती मान हलवली. तिसरं खाल्लं आणि चमचा बाजूला ठेवून वाटीच तोंडाला लावली. "यही चाहिए. बिलकुल यही. तीन हफ्ते में पहला माल दो." मी खूश, साहेबही खूश. लेबलचं डिझाइन छापायला जायच्या बेतात होतं. आणि आता लॅब म्हणत होती की याच तिसऱ्या सॅम्पलमध्ये तेल आहे.

तेल असेल तर लो-कॅलरी लिहिता येत नाही. तेल नसेल तर फरहत मॅडम घेत नाहीत. मधल्या मध्ये लाइन बंद.

मी आधी दह्यावर संशय घेतला. डेअरीचं दही पुन्हा तपासून घेतलं. बरोबर होतं. मग बॅच शीट काढली. बॅच शीट म्हणजे एका घाण्यात काय काय, किती किती घातलं याचा कागद. सगळ्या नोंदी चोख. पण सगळ्यात खाली शेवटचा आकडा होता, भांड्यातून निघालेल्या मालाचा. घातला पाच किलो. निघाला पाच किलो दोनशे ग्रॅम.

चोवीस वर्षं मी बॅच शीट वाचते आहे. माल भांड्याला लागतो, चमच्याला लागतो, थोडा सांडतो. बॅच नेहमी कमी भरते. वाढणारी बॅच मी पहिल्यांदाच पाहिली.

त्या दिवशी भांड्यावर कोण होतं ते शीटवर लिहिलेलं होतंच. मी वच्छलाबाईंना बोलावलं. वच्छलाबाई बिडकीनहून येतात. सहा जणींत वयाने मोठ्या, हाताला सगळ्यात तरबेज.

"वच्छलाबाई, तिसऱ्या घाण्यात काय घातलंत?"

"तुमी सांगितलं ते."

"आणि?"

त्यांनी हातातले ग्लोव्ह्ज काढले, पुन्हा घातले. "फोडणी."

"काय?"

"फोडणी दिली, मॅडम. जिरं, हिंग. दोन डाव तेल. लई नाय."

"कोणी सांगितलं होतं?"

"कुणी सांगायला कशाला पायजे? ती बाई दोनदा तोंड वाकडं करून गेली. बिनफोडणीचं दही मान्सापुढं ठिवायचं म्हंजी काय, मान्सं हायत का बकऱ्या?"

"अहो, आपण विकतोच आहोत बिनतेलाचं म्हणून!"

"व्हय? मंग मला आधी सांगायचं ना. मला वाटलं, तेल लिहायचं इसरलं तुमी."

मला हसूही येत होतं आणि डोकंही फिरलं होतं. चूक अर्धी माझी होती. काय घालायचं ते मी सहाही जणींना सांगितलं होतं. काय घालायचं नाही आणि का, ते एकीलाही सांगितलं नव्हतं.

दराडे साहेबांना सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "मॅडम, माल द्यायला किती दिवस राहिले?"

"सोळा."

"दहा दिवसांत बिनतेलाचं हेच बनवा. नाही तर मी त्या मशीनमध्ये टोमॅटो सॉस भरतो, आणि त्याला दोन बाया पुरतात." ते धमकी देत नव्हते. त्यांचा हिशेब तो होता.

पुढचे दोन दिवस मी फोडणीचा वास बिनतेलाचा कसा आणायचा यात घालवले. जिरं कोरडं भाजून घातलं, तर वास आला तो पापडाचा. बाटलीतला फ्लेवर आणून घातला, तर वास आला हॉटेलच्या वॉशबेसिनचा. तिसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून मातीच्या फुटक्या माठाचा तुकडा काढून ठेवला.

"हे काय?"

"खापर. आमच्या घरी तेल संपलं की आई चुलीत खापर लाल करायची. त्याच्यावर जिरं-हिंग टाकायची आन् ताकात बुडवायची. वरून झाकण. महिन्यातले धा दिस तेल नसायचंच."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी तेल नको म्हन्ला, तवा आठवलं. कंपनीत काय फुटकं माठ आनायचं का, म्हून दोन दिस गप ऱ्हायले."

आम्ही लगेच करून पाहिलं. दही गरम होऊन फाटू नये म्हणून मी खापर दह्यात न बुडवता, ड्रेसिंगमध्ये जे पाणी घालायचंच होतं त्यात बुडवायला लावलं. चर्र झालं. पाच मिनिटं झाकण ठेवलं. झाकण काढलं तेव्हा पॅकिंगवरच्या बाया आपोआप दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज काय हाय जेवायला?" एकीने विचारलं. तिथेच मला कळलं, जमलं.

पण खापर कारखान्यात चालत नाही. तापून पाण्यात पडलं की त्याला तडा जातो, आणि त्याची कपची कोणाच्या सॅलडमध्ये निघाली तर लो-कॅलरीचं कौतुक तिथेच संपतं. मी वाळूजला फोन लावला. माझा दीर प्रमोद तिथे लेथ मशीनचं वर्कशॉप चालवतो. गाड्यांचे पार्ट करतो.

"प्रमोद, स्टेनलेसचा एक गोळा हवाय. भांड्याचं स्टील असतं ते. मुठीएवढा, वर खोलगट, लांब दांडा."

"ड्रॉइंग आहे का, वहिनी?"

"व्हॉट्सॲपवर पाठवते. पेनने काढलंय."

थोड्या वेळाने त्याचा फोन. "वहिनी, माझी पोरं विचारतायत, हा नक्की कशाचा पार्ट आहे?"

"फोडणीचा."

पलीकडचं लेथ मशीन बंद झालं. मग तो म्हणाला, "मग टॉलरन्स काय ठेवू? मापात किती फरक चालेल?"

गोळा दुसऱ्या दिवशी आला, आरशासारखा चकचकीत. प्रश्न राहिला किती तापवायचा याचा. कमी तापला तर जिरं नुसतं भिजतं, जास्त तापला तर जळून कडू होतं. मी लांबून तापमान दाखवणारं थर्मामीटर घेऊन उभी राहिले. वच्छलाबाईंनी बोटाने पाण्याचा थेंब उडवला. थेंब चरचरून बसला. "नाय." पुन्हा तापवला. थेंब गोळ्यावर मोत्यासारखा नाचायला लागला. "आता." मी थर्मामीटरवरचा आकडा लिहून घेतला. पाच वेळा केलं, पाचही वेळा आकडा जवळपास तोच आला. मग आकडा शीटवर गेला आणि थेंब वच्छलाबाईंकडे राहिला. त्या अजूनही दोन्ही बघतात. थर्मामीटरवर त्यांचा पूर्ण विश्वास नाही.

या वेळी सॅम्पल आधी लॅबला गेलं. फॅट लेबलच्या आकड्याच्या आत. मग फरहत मॅडमकडे. त्यांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं. "बाजी, सच बोलो. इसमें बघार है. फोडणी."

"आहे."

"और तेल?"

"नाही."

"झूठ."

मी लॅबचा कागद समोर ठेवला. त्यांनी तो वाचला, मग गोळा बघायला मागितला. गोळा बघून इतक्या मोठ्याने हसल्या की दराडे साहेब केबिनमधून बाहेर आले. माल वेळेवर गेला. लाइन चालू आहे. सहाही जणी आहेत आणि सातवी घ्यायची आहे.

घरी करायचं असेल तर गोळा लागत नाही. लोखंडी पळी कोरडीच चांगली तापवा, त्यात जिरं-हिंग टाका आणि लगेच चार चमचे पाण्यात बुडवून झाकण ठेवा. ते पाणी साय काढलेल्या दुधाच्या दह्यात घाला. लिंबू, मीठ, पुदिना. दोन दिवसांत संपवा. विकत घेणार असाल तर बाटलीच्या पुढच्या बाजूचं काही वाचू नका, मागची बाजू वाचा. तिथे जिन्नस वजनाच्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तिनांत तेल किंवा साखर दिसली, तर बाटली परत ठेवा.

मी एवढाच बदल केला की आमच्या बॅच शीटवर तळाशी एक रकाना वाढवला: 'यादीबाहेरचं काही घातलं का?' वच्छलाबाई सातवी शिकलेल्या आहेत, रकाना स्वतः भरतात. रोज लिहितात, 'काही नाही.' गेल्या आठवड्यात मात्र तिथे लिहिलेलं होतं, 'काही नाही. पण पायजे.'

मी शीट टेबलावर ठेवली आणि काय पाहिजे ते विचारायला खाली गेले.