मुका इंजेक्टर आणि जवसाचं तेल

गेल्या वर्षी काही दिवस मी आईला ‘क्लच’ म्हणत होते. आता त्याची लाज वाटते. तेव्हा मात्र हे नाव सुचल्याचा मला कोण आनंद झाला होता!

झालं असं की अठ्ठावन्नाव्या वर्षी आईनं गाडी शिकायला घेतली. बाबांची पेट्रोलची छोटी गाडी. बोरगाव मेघेहून तळेगावला, म्हणजे तिच्या माहेरी, स्वतःच्या हातानं गाडी न्यायची, एवढंच तिचं म्हणणं. आजवर ती तिकडे एक तर बसनं गेली, नाही तर बाबांच्या मर्जीनं, आणि दोन्ही कधी वेळेवर सुटले नाहीत. पवनारपर्यंत ती झकास चालवायची, कुत्रं दिसलं तरी हॉर्न वाजवून त्याची विचारपूस करायची. पण लायसन्सच्या ट्रायलला चालू गाडीत अर्धा तास रांगेत थांबावं लागलं आणि नंतर चढावर गाडी दोनदा हिसके देऊन बंद पडली. साहेबांनी कागदावर फुली मारली.

“क्लच सोडता येत नाई तिले,” बाबांनी घरी निकाल दिला.

बाबा म्हणजे बसगाड्यांच्या आगारात उभा जन्म काढलेले मेकॅनिक. त्यांनी सांभाळलेल्या गाडीत खोट काढणं म्हणजे त्यांच्या खानदानाला नावं ठेवणं. मीही लगेच त्यांची री ओढून आईचं बारसं उरकलं. आई हसली, पण त्यानंतर तिनं किल्लीला हात लावला नाही. दुसरी ट्रायल सोमवारी होती. शनिवारी सकाळी ती म्हणाली, “जाऊ दे ना, बसच बरी.”

त्याच दुपारी भर बाजारात गाडी बंद पडली. माझ्या हातात! दहा वर्षांचं लायसन्स असलेल्या, क्लच लोण्यासारखा सोडणाऱ्या माझ्या हातात! पुन्हा सुरू केली तर न्यूट्रलला उभी असतानाच हीव भरल्यासारखी थरथरू लागली. न्यूट्रलला कुठला आलाय क्लच? मी इतकी खूष झाले की शेजारच्या भाजीवालीलाच सांगितलं, “माझ्या आईची काही चूक नव्हती!” तिनं बरं म्हणून मला कोथिंबीर दिली.

घरी येऊन गाडी चालू ठेवूनच बॉनेट उघडलं. “गरम झाली की मिसिंग मारते, बाबा, एक सिलिंडर पेटतच नाई. इंजेक्टर पाहा.”

इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा बारीक फवारा मारणारी नळी. आमच्या गाडीत तीन आहेत. बाबांची तपासायची रीत जुनी: लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. इंजेक्टर काम करत असला की आत टिकटिक ऐकू येते. बाबांनी डोळे मिटून तिन्हींची नाडी पाहिली.

“तिन्ही बोलून राह्यले. तुह्या आईचा पायच भारी आहे.”

हे आईनं खिडकीतून ऐकलं. कणकेचे हात पुसत ती बाहेर आली. “मले पाहू द्या.” तिनं पेचकस कानाला लावला. “पहिला बोलते. तिसरा बोलते. मधला मुका आहे.”

“काऊन मुका असन? बोलते तो!”

“अवो, नाई बोलत!”

मी ऐकलं. मधला खरंच मुका होता. बाबांनी पेचकस परत घेतला, पहिल्यावर टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

“बाबा, याचा आवाज येते का?” मी विचारलं.

“येते ना... येतच असन.”

तेव्हा कळलं. सगळी नोकरी डिझेल इंजिनांच्या धडधडीत काढलेल्या बाबांना त्या तिघांपैकी एकाचंही बोलणं ऐकू येत नव्हतं. आता आई या माणसाची पुरती जिरवणार, असं वाटलं.

आईनं त्यांच्या हातातून पेचकस काढून घेतला. “ऐकाचं काम माह्यं. खोलाचं तुमचं. लागा कामाले.”

आणि बाबा लागले! पंपाचा फ्यूज काढून त्यांनी गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, म्हणजे पाइपात पेट्रोल दाबून राहत नाही. इंजिन निवल्यावर मधला इंजेक्टर बाहेर काढला. त्याच्या तोंडाशी तपकिरी, चिवट साय धरली होती. आईनं ती नखानं खरवडली, वास घेतला आणि केवढ्यानं तरी ओरडली, “हे तर माह्यं जवस आहे!”

बाबा पान्याकडे पाहू लागले.

दिवाळीत त्यांनी इंजेक्टर घरीच साफ केले होते. नवीन रबरी रिंगा मिळेपर्यंत ते तीन दिवस टेबलावर पडून होते. गंज नको म्हणून बाबांनी त्यांत चटणीवर घ्यायचं जवसाचं तेल सोडलं होतं, आणि मधल्यावर जरा जास्तच प्रेम केलं होतं.

“तेल ते तेल,” बाबा पुटपुटले.

“जवसाचं तेल वाळलं की ओटा घासता घासता हात मोडते माह्या! अन् शिशी अर्धी झाली म्हणून मी पोरीवर आळ घेतलता!”

मी फरशीवर बसून हसले. मग बाबा हसले, मग आई, आणि खिडकीतल्या कणकेवर कावळा बसला तरी कुणी उठलं नाही.

तिन्ही इंजेक्टर स्प्रे मारून धुतले. तोंड उघडावं म्हणून आईनं त्यांना छोट्या बॅटरीच्या तारा टेकवून धरल्या, आणि बऱ्याच फवाऱ्यांनंतर मधला टिक्क म्हणाला. नवीन रिंगांना या वेळी इंजिन ऑइल लागलं. गाडी सुरू झाली, चांगली गरम झाली, तरी थरथरली नाही. मी आईचे पाय धरले आणि ‘क्लच’ परत घेतलं.

सोमवारी तिनं चढावर गाडी अशी थांबवली आणि अशी उचलली की साहेबांनी कागदावर बरोबरची खूण केली. कायमचं लायसन्स पोस्टानं आलं त्या रविवारी आम्ही तळेगावला निघालो. आई चालवत होती, बाबा शेजारी, मी मागे. बोरगाव मागे पडलं तेव्हा बाबा हळूच तिच्याकडे झुकले.

“तिन्ही बोलून राह्यले का?”

“बोलून राह्यले,” आई म्हणाली. “तुमी झोपा.”

आणि बाबा झोपले.